न तुटलेल्या सुया

‘मोकळेपणाने बोला’ असं ज्या भिंतीवर लिहिलेलं असतं, त्या भिंतीशी उभं राहून कोणी मोकळेपणाने बोललेलं मी सहसा पाहिलं नाही. एकदाच पाहिलं. त्या एका वेळेबद्दल हे लिहिते आहे, आणि लिहिताना मला कोणाची कीव येत नाही, राग येतो. ज्याला तो सोसणार नसेल त्याने इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

मी शिवणकामाच्या कारखान्यांत आयुष्य घालवलं. आधी अकोल्याला, मग लग्नानंतर अमरावतीला आल्यावर नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत. हा कारखाना लहान मुलांचे शर्ट शिवायचा. तीस मशिनी एकीमागे एक मांडलेल्या, त्या रांगेला आम्ही लाइन म्हणायचो. एक बाई बाही लावते, दुसरी खिसा, तिसरी कॉलर, आणि शर्ट हातोहात पुढे सरकत जातो. एकीचं अडलं की तिच्या पुढच्या सगळ्या हात बांधून बसतात. अशा एका लाइनची मी सुपरवायझर होते. नियमाप्रमाणे बायांनी मला मॅडम म्हणायचं होतं, पण सगळ्या काकू म्हणायच्या.

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर तेल्हाऱ्याकडचं, घरी कापसाची शेती. तिथे शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हाक पोचवायची तर गळा ताणूनच बोलावं लागतं. पुण्यामुंबईच्या माणसाला आमचं ‘जेवून जा’ सुद्धा भांडण वाटतं. पण माझं तोंड त्यातही वरचढ होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. माझी लाइन माझ्या आवाजावर चालते, असं मी चारचौघांत सांगायची.

आता सुईचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मुलांच्या कपड्यात सुईचा तुकडा राहिला तर तो एखाद्या पोराच्या मानेत जायचा. म्हणून सुई तुटली की बाईने हात वर करायचा आणि मशीन बंद करायची. मग तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, ते वहीत चिकटपट्टीने जोडून सुई पूर्ण झाली का ते बघायचं, आणि मगच कपाटातून नवी सुई द्यायची. कपाटाची किल्ली माझ्याजवळ. टोक सापडलं नाही तर तिच्या हाताखालचा सगळा गठ्ठा बाजूला काढून लोहचुंबकाने तपासायचा. यात वीस मिनिटं जायची, कधी तास जायचा. तेवढा वेळ लाइन ठप्प, आणि संध्याकाळी ठरलेले नग पुरे झाले नाहीत म्हणून बोलणी मला.

मग मी काय करायची? हात वर झाला की मी तिकडे जाता जाताच सुरू व्हायची. ‘सुई तुटली का तुही अक्कल तुटली? माहेरी काय कुऱ्हाडीनं शिवत होती?’ बाकीच्या हसायच्या. जिची सुई तुटली ती मान खाली घालून जमिनीवर तुकडे शोधायची. नवीन आलेल्या एक-दोघी रडायच्याही. मला वाटायचं, धाक बसला, आता जपून शिवतील.

धाक बसलाच. कारखान्याच्या दाराशी एक फळा होता, त्यावर कोणत्या लाइनवर महिन्यात किती सुया तुटल्या ते लिहायचे. माझ्या लाइनपुढे एका महिन्यात शून्य आलं. पुढच्या महिन्यातही शून्य. मग ते तिथेच बसलं. ज्याने आयुष्यात एकदा जरी मशीन चालवली असेल त्याला कळावं की हे होणं नाही. कॉलरच्या टोकाला कापडाचे चार-चार थर येतात, तिथे सुई तुटणारच. तीस मशिनींवर महिनाभर एकही सुई तुटत नाही म्हणजे गावात महिनाभर एकही कुत्रं भुंकलं नाही म्हणण्यासारखं आहे. मला हे कळत होतं. पण पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांसमोर मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

बाया सुया बाहेरून आणत होत्या. इतवारा बाजारात मशिनीच्या सामानाच्या दुकानात मिळतात, पिवळ्या कागदाच्या पुडीत. सुई तुटली की हात वर करायचाच नाही. डब्याच्या पिशवीतून गुपचूप आपली सुई काढायची, बसवायची आणि पुढे चालू. तुकडे सापडले तर सापडले. मी हे बघितलं नव्हतं, पण बघायचं नाही असं ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून नवे मॅनेजर आले होते. गोड बोलायचे, झाडूवाल्यालाही ‘आपण’ म्हणायचे. त्यांनीच ते वाक्य भिंतीवर लिहवून घेतलं आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटांची बैठक सुरू केली. ‘अडचण लहान असतानाच सांगा,’ ते म्हणायचे, ‘मोठी झाल्यावर सगळ्यांना दिसतेच. इथे कोणालाही कोणी रागावणार नाही.’ हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचे. मी त्यांच्याकडे बघायची. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

साहेबांनी एक पांढरा फळा आणवला. त्यावर चार रकाने आखले. अडचण काय, कोणी सांगितली, कोणामुळे झाली, कधी सुटेल. पहिल्याच आठवड्यात माझ्या लाइनवरची बाहीवाली उठून बोलली. तिच्या मशिनीतून तेल गळून पांढऱ्या कापडावर डाग पडत होते. खरं होतं. साहेबांनी तिचं कौतुक केलं आणि तिसऱ्या रकान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं नाव लिहिलं. ते नाव तिथे तीन दिवस राहिलं. मिस्त्रीने तेल गळणं बंद केलं, पण त्यानंतर महिनाभर तिच्या मशिनीचं काहीही बिघडलं की तो सगळ्यात शेवटी यायचा. दोरा तुटत असला तरी तास तास बसून राहायची बिचारी. मी मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, ‘तिले सांगा ना फळ्यावर लिहाले.’

दुसरी एक बाई बोलली की संडासाच्या दाराला आतून कडी नाही. कडी त्याच दिवशी लागली, कारण ती कोणामुळे नाही हे लिहिता येण्यासारखं नव्हतं. बाया हुशार. त्यांनी यातून शिकायचं ते शिकून घेतलं. रोज सकाळी कोणीतरी पाण्याच्या टाकीचं सांगायची, कोणीतरी पंख्याचं. कडीचं सांगावं, तेलाचं सांगू नये. साहेब खुश. त्यांच्या फळ्यावर रोज अडचणी यायच्या आणि रोज सुटायच्या. मी मागे उभी राहून नाक मुरडायची, पण मी तरी कुठे तोंड उघडलं?

याच सुमारास कॉलरवर एक नवी बाई आली. वय असेल पंचविशीचं. शहरालगतच्या गावात त्यांचा भाजीचा मळा, सासू रोज अमरावतीच्या बाजारात दुकान मांडून बसायची. ही पण चार वर्षं तेच करत होती. सहा महिने आमच्याकडे काम बघणार आणि बरं वाटलं तर दिवाळीला कायम करणार, असं ठरलेलं. हात इतका सुबक की कॉलरची दोन्ही टोकं एका मापाची यायची, न मोजता. एकदा डबा खाताना मला म्हणाली, ‘काकू, कायम झाली का मी सासूले सांगणार हावो, आता मले पहाटे मेथीच्या जुड्या बांधाले उठवाचं नाई.’ मग स्वतःच हसली. गळ्यातलं ओळखपत्र ती घरी जातानाही काढायची नाही, ऑटोत सुद्धा बाहेर दिसेल असं ठेवायची. तिला ही नोकरी किती हवी होती हे लाइनवरच्या प्रत्येकीला माहीत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा होते. ज्याचं जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा करायची. शेतकरी विळा-पावशी धुऊन ठेवतो, आमच्या बाया मशिनीला हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि कात्री, टेप, सुया एका ताटात मांडतात. त्या दिवशी मी ताट मांडायला गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. ताटात कारखान्याच्या सुया होत्याच. त्यांच्या बाजूला पिवळ्या कागदाच्या पुड्या होत्या. एक-दोन नाही, वीस-पंचवीस. प्रत्येकीने आपापली लपवलेली पुडी आणून देवीपुढे ठेवली होती, कुंकवाचं बोट लावून.

कोणाला वाटेल, किती मूर्ख बाया. मूर्ख नव्हत्या. वर्षभर ती सुई त्यांनी माझ्यापासून लपवली, साहेबांपासून लपवली, पण ज्या सुईवर हात चालतो तिला खंडेनवमीला कुंकू लावलं नाही तर हात चालेल कसा? हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की पकडल्या जाऊ ही शंकाही त्यांना आली नाही. आणि पकडणारी मी, मी काय केलं? मी पुड्यांवर झेंडूची फुलं पसरली. तेवढ्यात साहेब आले, त्यांनी कौतुकाने ताटाचा फोटो काढला आणि मोठ्या ऑफिसला पाठवून दिला. पुड्या फोटोत होत्या, फुलांखाली.

मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. साहेबांजवळ नाही तर निदान बायांजवळ. एवढं म्हणाले असते की, ‘सुया जमा करा, उद्यापासून तुटली की हात वर करा, मी तोंड आवरते,’ तर पुढचं काही घडलं नसतं. पण मग फळ्यावरचं शून्य गेलं असतं.

दसरा झाला आणि दिवाळीआधीचा माल द्यायची घाई सुरू झाली. एक दिवस दुपारी, नग खूप मागे पडले होते आणि मी सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता, तेव्हा कॉलरवाली माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. उजवी मूठ आवळलेली.

‘काकू, एक मिनिट.’

‘काय आहे?’

तिने मूठ थोडी उघडली. आत तुटलेल्या सुईचा मागचा जाड भाग होता. मी झटकन नजर काढून घेतली.

‘टोक सापडून नाई राहिलं, काकू. लय पाह्यलं. तो गठ्ठा पुढी गेला.’

गठ्ठा परत बोलवायचा म्हणजे चाळीस शर्टांच्या कॉलरी बघायच्या, लाइन थांबवायची, वहीत लिहायचं आणि शून्याचं एक करायचं. मी तिला म्हणाले, ‘मी ऐकलं नाही. जाय, बस.’

ती क्षणभर तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं की मला खरंच ऐकू आलं नाही, कारण तिने पुन्हा तोंड उघडलं. मी आवाज चढवला. ‘तुले सांगतलं ना, जाय म्हणून! जे असंन ते तूच पाहून घे.’ ती गेली. मूठ तशीच होती.

तीन दिवसांनी तयार माल शेवटच्या तपासणीला गेला. तिथे एक यंत्र असतं, पट्ट्यावरून शर्ट सरकतात आणि कुठे लोखंड असेल तर ते ओरडतं. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस नेमका त्या दिवशी बाजूला उभा होता. यंत्र ओरडलं. शर्टाची कॉलर उसवली तर आत सुईचं टोक, दोन थरांच्या मध्ये, उभं. त्या माणसाने ते तळहातावर घेऊन बघितलं आणि सगळा माल थांबवला. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरून लाइन कळली, माझी. सुई कॉलरवरच्या कोणाच्या तरी मशिनीची, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशीची बैठक मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. साहेब नेहमीसारखे गोड होते. म्हणाले, ‘मला कोणाला शिक्षा करायची नाही. मला फक्त खरं हवं आहे. ज्यांनी हे केलं त्यांनी मोकळेपणाने सांगावं, काही होणार नाही. मी शब्द देतो.’ कोणी हललं नाही. आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? कॉलरवर दोघी होत्या, दुसरी तर बाळंतपणाहून नुकतीच कामावर आलेली, ती भेदरून भिंतीला टेकली होती. तेव्हा त्या पोरीने हात वर केला.

‘मी हावो, साहेब. सुई माह्या हातून तुटली. टोक सापडलं नाई. मी बाहेरची सुई लावली आन् काम चालू ठेवलं.’

‘तुम्ही तुमच्या सुपरवायझरना सांगितलं होतं का?’

तिने माझ्याकडे बघितलं. मी, जिचा आवाज अख्ख्या कारखान्यात पोचायचा, ती मी, मूग गिळून उभी होते. पायांखालची फरशी बघत होते. ती म्हणाली, ‘नाई.’

साहेब म्हणाले, ‘याला म्हणतात धैर्य.’ आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. ते आठवलं की आजही मला माझे हात कुठेतरी घासून काढावेसे वाटतात.

चार दिवसांनी तिला पत्र मिळालं. उमेदवारीच्या काळातलं काम समाधानकारक वाटलं नाही, सबब पुढे ठेवता येत नाही. दारावरच्या शिपायाने तिच्याकडून ओळखपत्र मागून घेतलं. तिने ते गळ्यातून काढलं, दोरी गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि निघून गेली.

मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले. ‘शब्द दिला होता ना तुम्ही?’ ते शांतपणे म्हणाले की खरं बोलण्याचं कौतुक ही एक गोष्ट आणि शिस्त ही दुसरी, दोन्हींची गल्लत करू नये. माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्यांना सगळं सांगितलं. ती माझ्याकडे आली होती, मी तिला हाकललं. बाहेरच्या सुया फक्त तिच्याजवळ नाहीत, सगळ्यांजवळ आहेत. माझं शून्य खोटं आहे. तुमच्या फोटोतल्या ताटात फुलांखाली त्याच पुड्या आहेत, बघा.

साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं सांगते, ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचा आवाज अजूनच मऊ झाला. ‘काकू,’ ते म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी काकू म्हटलं नव्हतं. ‘तुमची लाइन आपण वरच्या ऑफिसला नमुना म्हणून दाखवली आहे. मोकळ्या बोलण्यामुळे चुका कशा बंद झाल्या, त्याचा सगळा अहवाल गेला आहे. आता हे इथेच राहू द्या. तुमच्या आणि माझ्या दोघांच्या हिताचं आहे.’

बाहेर भिंतीवर ते वाक्य, आणि आत हा माणूस दार लावून मला गप्प बस म्हणतो आहे. मला त्याचा संताप आला, आणि तितकाच संताप या गोष्टीचा आला की तो माझ्याशी माझ्याच भाषेत बोलत होता. मी त्या पोरीला जे ओरडून सांगितलं ते त्याने मला गोड बोलून सांगितलं. फरक आवाजाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत मी हात वर केला आणि होतं तसं सगळं बोलले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, त्याचं मला सुख झालं, खोटं कशाला सांगू. पण मी एक विसरले होते. मी बोलले ते माझ्या एकटीचं नव्हतं. तासाभरात वरून हुकूम आला आणि प्रत्येक बाईचा डबा, पिशवी, पर्स झडती घेऊन उलटीपालटी केली गेली. पिवळ्या पुड्यांचा ढीग झाला. सगळ्यांना लेखी ताकीद मिळाली. बाहीवाली माझ्या तोंडावर म्हणाली, ‘सोताचं पाप धुवाले आमच्या डब्यात हात घातला तुमी. सांगाचंच होतं तं आमाले आधी सांगतलं असतं, आमी फेकून देल्या असत्या.’ तिचं खरं होतं. मी आयुष्यभर गप्प राहिले तेही स्वतःसाठी आणि बोलले तेही स्वतःसाठी. माझ्या हातून लाइन काढून घेतली आणि मला धागे कापायच्या टेबलावर बसवलं. तिथे माझ्या शेजारी कोणी बसत नसे.

यातून एकच चांगलं निघालं, असं मला वाटलं. वरच्या ऑफिसला बहुधा लाज वाटली असेल, किंवा कॉलरला तसा हात दुसरा मिळाला नसेल. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तिला परत घेता येईल. सहा महिने पुन्हा बघू, मग कायम. मी रविवारी सकाळीच भाजीबाजार गाठला. जाताना मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि तिचा चेहरा कसा फुलेल तेही बघत होते. असं असतं माणसाचं. आपण केलेल्या घाणीवर आपणच पाणी ओतायचं आणि वर शाबासकीची वाट बघायची.

ती पोत्यावर बसली होती, पुढे वांगे, मेथीच्या जुड्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मला बघून उठली नाही. मी निरोप सांगितला. ती ऐकत ऐकत सांबाराच्या काड्या निवडत राहिली.

‘तू साहेबाले काहून नाही सांगतलं, की काकूले सांगतलं होतं म्हणून?’ मी विचारलं. हा प्रश्न इतके दिवस माझ्या डोक्यात होता.

‘तुमीच म्हणलं ना, मी ऐकलं नाई,’ ती म्हणाली. ‘मंग मी कुठी सांगतलं?’ आवाजात राग नव्हता.

‘झालं ते झालं. माझं चुकलं,’ मी म्हणाले. ‘पण आता ये ना परत. सहा महिन्यांची तर गोष्ट आहे. तुझी किती इच्छा होती.’

‘होती. साहेबावर माहा राग नाई, काकू. त्याले मी ओयखतच नव्हती. तुमाले ओयखत होती म्हणून मी पयले तुमच्यापाशी आली.’

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आली आणि वांगे उचलून बघायला लागली. ‘कसे आहेत वांगे? चांगले आहेत ना?’

‘दोन-चारात अळी हाय, ताई,’ ती म्हणाली. ‘पाहून घ्या. हे इकडचे घ्या, हे आजचे हायेत.’

बाईने कपाळाला आठीही घातली नाही. इकडचे घेतले, एक किडकं होतं ते बाजूला ठेवलं, सांबाराची जुडी मागितली आणि गेली. कॉलरवालीने ते किडकं वांगं उचलून मागे टाकलं आणि माझ्याकडे वळली.

‘पाह्यलं? इथी मी रोज सांगतो, अन् कोणी माह्या अंगावर येत नाई. तुमच्या तिथी मी एकडाव सांगाले आली होती.’ तिने तराजू सरळ केला. ‘मी नाई येत, काकू. तुमी जरा बाजूले व्हा, तुमच्या मांगं गिऱ्हाईक उभं हाय.’

मी बाजूला झाले.